सेवा की सहल?



मागे एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक आजी पत्रकाच्या टेबलाजवळ आल्या. हातात घडी घातलेला कागद होता. त्यांची नात इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. येत्या जुलैच्या सुट्टीत ती एका कंपनीमार्फत टांझानियाला जाणार आहे. कार्यक्रम चार आठवड्यांचा आहे. पहिले तीन आठवडे मोशी गावाजवळच्या एका रुग्णालयात स्वयंसेवा आणि शेवटच्या आठवड्यात किलिमांजारो पर्वताची चढाई. नातीने आजींच्या हाती दोन विनंत्या पाठवल्या होत्या. एक, तिच्या प्रवासासाठी मिस्सात प्रार्थना व्हावी. दुसरी, पत्रकात आवाहन करून आपल्या घराघरांत उरलेली औषधे गोळा करावीत. मे महिन्यात तिचे पपा वसईला येतील, तेव्हा ते घेऊन जातील.

आम्हाला कौतुक वाटले. आपल्या वाडीतल्या घरातली मुलगी आफ्रिकेत रुग्णसेवेला जाते, ही साधी गोष्ट नाही. आम्ही लगेच आवाहनाचा मजकूर तयार केला. पत्रक छपाईला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मंडळातल्या एका निवृत्त परिचारिकेने तो वाचला. त्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो. त्यांनी चष्मा काढून दोनच प्रश्न विचारले, “ती तिथे करणार काय? आणि तिला बोलावलंय कोणी?”

आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आले नाही. आवाहन थांबवले. पुढच्या तीन बैठकांत याच विषयावर बोलणे झाले, कधी आवाजही चढले. त्यातून जे हाती लागले ते आजींच्या आणि नातीच्या परवानगीने इथे मांडत आहोत. प्रश्न त्या एका मुलीचा नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले, नातवंडे परदेशात शिकतात. अशा सहलींची पत्रके त्यांच्या कॉलेजातही लागतात.

डोंगर चढणे हे पाप आहे का?

पहिल्या बैठकीत सर्वांचा रोख डोंगरावर होता. गरीब रुग्णांच्या सेवेला जायचे आणि त्याच खर्चात गिर्यारोहणाची हौसही भागवायची, हे काहींना खटकले. सेवेला जायचे तर सेवाच करावी, असे त्यांचे म्हणणे.

यावर एका सभासदाने इव्हान इलिच यांची आठवण करून दिली. इलिच हे व्हिएन्नात जन्मलेले कॅथलिक धर्मगुरू. २० एप्रिल १९६८ रोजी त्यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे एक भाषण केले. सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत जाऊन सेवा करणारे ते विद्यार्थी होते. इलिच यांनी त्यांची स्तुती केली नाही. तुमचा हेतू चांगला आहे म्हणून तुमच्याकडून होणारे नुकसान भरून निघत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. तुम्हाला इथली भाषा येत नाही, आपण काय बिघडवतो हे तुम्हाला कळतही नाही. तेव्हा पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या. मदत करायला मात्र येऊ नका, असे त्यांनी सुचवले.

आम्ही चकित झालो. आम्हाला डोंगर खटकत होता आणि दवाखाना पवित्र वाटत होता. या धर्मगुरूंनी नेमके उलटे सांगितले होते. विचार केल्यावर त्यातले मर्म पटले. किलिमांजारो ५,८९५ मीटर उंच आहे. आफ्रिकेतले ते सर्वांत उंच शिखर. तो चढण्याचा आनंद घेणे हे देवाच्या सृष्टीचे कौतुकच आहे. तिथला वाटाड्या, आचारी, हमाल यांना त्यातून रोजगार मिळतो. गिर्यारोहक स्वतःला उपकारकर्ता समजत नाही, म्हणून तो व्यवहार तरी सरळ असतो. दोष सहलीत नाही. सहलीला सेवेचे नाव देऊन मनाचे समाधान करून घेण्यात आहे.

इलिच यांचे शेवटचे टोक मात्र आम्हाला पूर्णपणे स्वीकारता आले नाही. परक्याने परक्याला मदत करूच नये असे म्हटले, तर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचे काय करायचे? पण मावशींनी तोच दाखला आम्हाला नीट वाचायला लावला. शोमरोनी सेवेच्या मोहिमेवर निघाला नव्हता. तो स्वतःच्या कामाने प्रवास करत होता. जखमी माणसाला त्याने आपल्याजवळचे तेल आणि द्राक्षारस लावला, पट्टी बांधली, जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. पुढची शुश्रूषा त्याने तिथल्या माणसावर सोपवली, त्यासाठी दोन दिनार दिले आणि परत येताना उरलेला हिशेब चुकता करण्याचा शब्द दिला. जेवढे येत होते तेवढेच त्याने केले. जे येत नव्हते ते त्याने तिथे कायम राहणाऱ्याच्या हाती दिले आणि पैसे मोजले. त्याला दयाळू म्हणताना आपण त्याचा हा शहाणपणा विसरतो.

दोन वर्षांचे शिक्षण आणि पांढरा कोट

आता मावशींचा पहिला प्रश्न. ती तिथे करणार काय?

कंपनीच्या माहितीपत्रकात ‘प्रत्यक्ष अनुभव’ असे शब्द होते. इंजेक्शन देणे, जखमेला टाके घालणे, बाळंतपणात हात देणे. इंग्लंडमध्ये दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एकट्याने यातले काही करू देतील का? मुळीच नाही. मग टांझानियात का चालावे? तिथे माणसे कमी आहेत, म्हणून? तिथला रुग्ण तक्रार करणार नाही, म्हणून? यातले दुसरे उत्तर खरे असेल, तर गरिबाचे शरीर ही आपल्या मुलांची सरावाची पाटी झाली. प्रत्येक माणूस देवाची प्रतिमा आहे असे आपण मानतो. ती प्रतिमा मोशीत एका मोलाची आणि लंडनमध्ये दुसऱ्या मोलाची, असे होऊ शकत नाही.

ही केवळ आमची भावना नाही. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०११ साली परदेशात अनुभवासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्या शिक्षणाच्या आणि कौशल्याच्या मर्यादेबाहेरचे काम परदेशातही करू नये, हा त्यांचा गाभा आहे. मर्यादा ओलांडली की काय होते, याचे दुःखद उदाहरण युगांडात आहे. जिंजा येथे एका अमेरिकन तरुणीने २००९ सालापासून धर्मश्रद्धेच्या प्रेरणेने कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवले. तिचे वैद्यकीय शिक्षण झालेले नव्हते. मूल गमावलेल्या दोन मातांनी २०१९ साली न्यायालयात दाद मागितली. २०२० साली तडजोड झाली. त्यात दोष मान्य केलेला नव्हता. त्या तरुणीचा हेतू वाईट होता असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण रिकाम्या पाळण्यापुढे हेतूचे बोलणे किती अपुरे पडते, हे आपण समजू शकतो.

दुसरी गोष्ट आमच्या लक्षातही आली नव्हती. टांझानियात शिकलेली माणसे नाहीत असे आम्ही गृहीत धरले होते. मोशी येथे १९७१ साली सुरू झालेले किलिमांजारो ख्रिस्ती वैद्यकीय केंद्र हे मोठे रुग्णालय आहे. त्याच्याबरोबर वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्वांझा येथे तेथील कॅथलिक बिशपांच्या मालकीचे बुगांडो रुग्णालय आहे आणि त्याच्याशी जोडलेले कॅथलिक विद्यापीठ आहे. खेड्यापाड्यांत ‘क्लिनिकल ऑफिसर’ नावाचे, काही वर्षांचे शिक्षण घेतलेले लोक रोजचे रुग्ण तपासतात. त्याहून पुढचे शिक्षण घेतलेले सहायक वैद्यकीय अधिकारी अनेक वर्षे सिझेरियनसारख्या शस्त्रक्रियाही करत आले आहेत. तिथल्या भाषेत अशा वैद्याला ‘तबीबु’ म्हणतात. आपला तबीब तोच. औषधाला ते ‘दावा’ म्हणतात, आपली दवा. दोन्ही शब्द मुळात अरबी आहेत. म्हणजे खाटेजवळ कोण उभे राहायचे, हा प्रश्न तिथेही आहे. परदेशी पाहुणी पुढे सरकली, तर मागे सरकणारी मुलगी टांझानियाची विद्यार्थिनी असते, आणि पुढची चाळीस वर्षे त्या लोकांना तपासणार तीच असते.

गोळ्यांची पिशवी

औषधांच्या आवाहनाबद्दल आमचा सर्वांत मोठा गैरसमज होता. उरलेली गोळी फेकून देण्यापेक्षा कुणाला उपयोगी पडली तर बरे, असे वाटणे स्वाभाविक आहे. मावशींनी आम्हाला त्सुनामीची गोष्ट सांगितली. डिसेंबर २००४ च्या त्या लाटेनंतर इंडोनेशियातील आचे प्रांतात जगभरातून सुमारे ४,००० टन औषधे येऊन पडली.  कित्येक औषधांवरचा मजकूर तिथल्या लोकांना वाचता येत नव्हता, काहींची मुदत संपलेली होती. शेकडो टन नष्ट करण्याचे काम त्याच दुःखी लोकांच्या गळ्यात पडले.

जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम १९९६ सालीच घालून दिले आहेत. आधी घेणाऱ्याला विचारा. पोहोचल्यावर निदान एक वर्षाची मुदत उरलेली असावी. एका रुग्णाला दिलेली आणि उरलेली औषधे दुसऱ्या देशात पाठवू नका. नियम वाचताना आम्ही आमचे आवाहन पुन्हा काढून पाहिले. जवळजवळ प्रत्येक नियम आम्ही मोडणार होतो, तोही चर्चच्या दारात डबा ठेवून. जे औषध आपण आपल्या नातवाला देणार नाही, ते दान कसे होईल? ते तर घराची साफसफाई झाली.

आपलाही एक कबुलीजबाब

इथे आम्हाला एक गोष्ट मान्य केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्हीच, आपल्या धर्मग्रामातले काही जण, जव्हारच्या बाजूला एका पाड्यावर आरोग्य शिबिर घ्यायला गेलो होतो. सकाळी गेलो, दुपारपर्यंत दीडशे लोक तपासून झाले, गोळ्या वाटल्या, बॅनरपुढे फोटो काढला. निघताना एका म्हाताऱ्या बाईने विचारले, “या गोळ्या पंधरा दिवसांच्या. मग?” तिला रक्तदाबाचा त्रास होता. रक्तदाबाची गोळी बहुतेकांना कायम घ्यावी लागते, हे आमच्यातल्या डॉक्टरांना माहीत होते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी आम्ही आधी बोललो असतो, तर तिचे नाव तिथल्या वहीत लागले असते. आम्ही बोललो नव्हतो. “पुन्हा येऊ,” असे आम्ही तिला सांगितले. आम्ही पुन्हा गेलो नाही. फोटो मात्र या पत्रकात छापून आला.

म्हणून त्या मुलीला उपदेश करताना आमची मान ताठ नाही. तिला टांझानिया लांब आहे. आम्हाला जव्हार लांब नव्हते.

मग जाऊच नये का?

दुसऱ्या बैठकीनंतर आम्ही नातीला पत्र लिहिले. तिचे उत्तर चार दिवसांत आले. थोडे दुखावलेले होते. तिने लिहिले, “तुम्ही मला जाऊ नको म्हणता का? मी गेले नाही तर माझ्या सहलीचे पैसे काही त्या रुग्णालयाला मिळणार नाहीत. आणि न बघता मला कळणार तरी कसे?”

हा प्रश्न खरा आहे. सहलीच्या पैशात तिथल्या परिचारिकेचा कितीतरी महिन्यांचा पगार निघेल, असे हिशेब मांडणे सोपे असते. आपणही लग्नात, पार्टीत खर्च करतो तेव्हा तो हिशेब मांडत नाही. शिवाय तरुण वयात जे डोळ्यांनी पाहिले ते माणसाला बदलते, हे आपण नाकारू शकत नाही. अल्बर्ट श्वाइट्झर यांना आफ्रिकेतली गरज कळली तेव्हा ते विद्वान होते, संगीतकार होते. पण डॉक्टर नव्हते. तीस वर्षांचे असताना, १९०५ साली, ते वैद्यकीच्या पहिल्या वर्गात जाऊन बसले आणि १९१३ साली लांबारेनेला गेले. मधली वर्षे त्यांनी तयारीत घालवली. संत डेमियन १८७३ साली मोलोकाईच्या कुष्ठरोग्यांत गेले आणि १८८९ साली तिथेच मरण पावले. सगळ्यांना सोळा वर्षे देता येत नाहीत. पण ज्याला तीनच आठवडे द्यायचे आहेत, त्याने आपले नाव सोळा वर्षे देणाऱ्यांच्या यादीत घालू नये, एवढे तरी आपण म्हणू शकतो.

तिसऱ्या बैठकीत आमचे एकमत झाले ते असे. तिने जावे, पण देणारी म्हणून नव्हे, घेणारी म्हणून जावे. त्या वॉर्डातली परिचारिका आपल्या कामातून वेळ काढून तिला शिकवणार. तिथला रुग्ण आपल्या दुखण्यात एका अनोळखी मुलीला जवळ उभी राहू देणार. दान तर ते करणार आहेत. तीन आठवड्यांच्या शेवटी ऋण तिच्या डोक्यावर असेल. हे ज्याला समजले त्याच्या वागण्यात आपोआप फरक पडतो. तो ‘मला काय करू देता?’ असे विचारण्याआधी ‘मी इथे उभी राहिले तर चालेल का?’ असे विचारतो.

तयारी कशाची करायची?

यावरून तयारीची यादीही बदलते. शरीराची तयारी हवीच. धनुर्वात, टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि बी यांच्या लसी, रेबीजच्या लसीबद्दल डॉक्टरांचा सल्ला, मलेरियाच्या गोळ्या आणि मच्छरदाणी. सुई टोचल्यास एचआयव्ही टाळण्याचे औषध ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. ते कुठे मिळेल हे आधीच माहीत हवे. सहा हजार मीटरपर्यंतची चढाई आणि सुटका धरून काढलेला विमा हवा. स्वतःचे हातमोजे स्वतः न्यावेत, रुग्णालयाच्या तुटपुंज्या साठ्यातले वापरू नयेत.

मनाच्या तयारीसाठी आम्ही तिला चार प्रश्न कंपनीला विचारायला सांगितले. रुग्णालयाने तुम्हाला बोलावले आहे का? माझ्या पैशातले किती त्याला मिळतात? माझ्यावर देखरेख कोण करणार? आणि जे मला इंग्लंडमध्ये करता येत नाही, ते तिथे करणार नाही असे मी आधीच लेखी कळवू शकते का? रुग्णाचा फोटो काढायचा नाही, हेही ठरवून जावे. आपण तापाने फणफणलेले असताना कुणी परक्याने आपला फोटो काढून जगाला दाखवला, तर आपल्याला आवडेल का?

डोंगराबद्दलही एक तयारी आहे. प्रत्येक चढणाऱ्यामागे तंबू, अन्न, पाणी वाहून नेणारे हमाल असतात. एका हमालाच्या ओझ्याची मर्यादा २० किलो ठरलेली आहे, पण ती पाळली जाते का, त्याला पुरते बूट आणि पोटभर जेवण मिळते का, हे कंपनीवर अवलंबून असते. २००३ सालापासून ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ हे काम पाहतो आणि हमालांशी नीट वागणाऱ्या कंपन्यांची नावे सांगतो. दवाखान्यात दया आणि डोंगरावर घासाघीस, असे करून चालणार नाही.

आणि थोडी स्वाहिली शिकून जावे. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणावे. ते ‘मराहाबा’ म्हणतील. डोंगरावर वाटाड्या सारखा ‘पोले पोले’ म्हणत राहतो, म्हणजे हळूहळू. उंचीवर घाई करणाऱ्याचे डोके ठणकते, उलट्या होतात, आणि त्रास वाढत गेला तर खाली उतरणे हाच खरा उपाय असतो. म्हणून पाच दिवसांपेक्षा सात-आठ दिवसांची वाट बरी. तिथे ती वाटाड्याचे मुकाट्याने ऐकेल, कारण जीव तिचा स्वतःचा आहे. वॉर्डात जीव दुसऱ्याचा आहे. तिथे तर त्याहून अधिक मुकाट्याने ऐकायला हवे. ‘पोले’ हा शब्द एकदाच उच्चारला तर त्याचा अर्थ वेगळा होतो. दुःखात असलेल्या माणसाला तो म्हणतात. ‘वाईट वाटतं हो’ असे. दोन वर्षे शिकलेल्या मुलीला एवढे औषध नक्की देता येईल.

गेल्या आठवड्यात तिचे दुसरे पत्र आले. कंपनीने चारपैकी दोनच प्रश्नांची उत्तरे दिली. तिने आपली नोंदणी बदलून मागितली आहे: रुग्णालयात फक्त निरीक्षण आणि डोंगरावर आठ दिवसांची वाट. आठ दिवस डोंगराला देण्यासाठी वॉर्डातला एक दिवस कमी करावा लागला, याचे तिला वाईट वाटते. आम्हालाही थोडे वाटले. आजींना विचारले तर म्हणाल्या, “पोरीनं खरं काय ते लिहिलं, तेच पुष्कळ.”

तेव्हा औषधांचा डबा ठेवला जाणार नाही. त्याऐवजी पुढल्या रविवारी मिस्सानंतर आमच्यापैकी तिघे जव्हारच्या त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन येणार आहेत. त्यांना काय हवे आहे ते फक्त विचारायचे आहे. सोबत कुणाला यायचे असेल त्यांनी मावशींना सांगावे. कॅमेरा नेणार नाही.

आणि त्याच रविवारच्या मिस्सात आपण प्रार्थना करू: आपल्या त्या नातीसाठी, तिला शिकवणाऱ्या परिचारिकेसाठी, तिला जवळ उभी राहू देणाऱ्या रुग्णांसाठी, तिचे ओझे वाहणाऱ्या हमालांसाठी, आणि पाड्यावरच्या त्या म्हाताऱ्या बाईसाठी, जिचे नाव आम्ही विचारले नव्हते.